नवख्या ट्रेकर्सचे तेच तेच प्रश्न: उत्तर द्यायचं की "आधी वाचून या" म्हणायचं?

माहुली
पाऊस सुरू झाला की आमच्या ट्रेक ग्रुपच्या चौकशीच्या फोनवर ठरलेले प्रश्न सुरू होतात, यंदा तो फोन माझ्याकडे आहे म्हणून लिहितेय. कळसूबाई नवख्याला जमेल का, शिड्या हलतात का, हरिहरच्या पायऱ्या अवघड आहेत का, राजगड एका दिवसात होतो का, बूट कुठले घेऊ, वर जेवण मिळतं का. दरवर्षी हेच. मला त्याचा त्रास होत नाही, त्रास होतो तो आपल्याच जुन्या मंडळींच्या उत्तरांचा. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने विचारलं की मला उंचीची भीती वाटते, कळसूबाईच्या शिड्या जमतील का. एकाने लिहिलं "मग घरी बसा", दुसऱ्याने "गुगल बंद आहे का", तिसऱ्याने नुसते हसणारे चेहरे टाकले. तिने ग्रुप सोडला आणि कुठल्यातरी बसवाल्यांबरोबर रात्रीचा ट्रेक करून आली. मी नंतर फोन केला तेव्हा कळलं, जीन्स घालून गेली होती, ती भिजून जड झाली, माथ्यावरच्या वाऱ्यात कुडकुडत होती आणि शिड्यांच्या तोंडाशी गर्दीत कितीतरी वेळ तशीच ओली उभी. सुती कपडे नकोत आणि शनिवारी रात्री जाऊ नकोस, या दोन गोष्टी सांगायला आपल्याला किती वेळ लागला असता?

माझं मत असं की प्रश्न कितव्यांदा आला ते मोजायचंच नाही, उत्तर द्यायचं. तुम्ही काय करता?

पाषाण
माहुलीताई, त्या मुलीला मिळालेली उत्तरं वाईटच, त्यावर वाद नाही. पण दुसरी बाजूही ऐका. आम्ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फिरायला लागलो तेव्हा माहिती काढण्यातच निम्मा ट्रेक व्हायचा. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीवर वेल्ह्याची गाडी विचारायची, मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला गाठायचं, गावात उतरलं की पारावरच्या एखाद्या बाबांना वाट विचारायची, आणि ते सोबत निघाले तर चालता चालता खिंडीचं नाव, टाक्याचं नाव, कुठल्या सोंडेवरून पूर्वी गुरं नेत, सगळं कानावर पडायचं. त्यातून डोंगर वाचायची सवय लागली. आज सगळं हातातल्या फोनमध्ये असून माणूस किती वेळ लागेल एवढंही शोधत नाही. ज्याला राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला कुठली एसटी जाते हे घरबसल्या सापडत नाही त्याला धुक्यात वाट कशी सापडणार? म्हणून म्हणतो, आधी वाचा, मग जिथे अडेल ते विचारा, तिथे मी तासभर बोलायला तयार आहे.

घाटवाटा
पाषाणकाकांना पूर्ण अनुमोदन.

सई_डोंबिवली
काका, आदर ठेवून सांगते, मी अगदी आत्ताआत्तापर्यंत नवीन होते आणि मी वाचूनच विचारलं होतं. हरिहरबद्दल एका ठिकाणी लिहिलेलं की लहान मुलंही चढतात, दुसरीकडे लिहिलेलं महाराष्ट्रातला सगळ्यात धोकादायक किल्ला. व्हिडिओ बघितला तर तो फेब्रुवारीतला, कोरडा खडखडीत कातळ आणि निळं आकाश, आणि मी जाणार होते जुलैत. वाचून गोंधळ वाढला म्हणून विचारलं ना. तेव्हा एका दादांनी जे सांगितलं ते मी कुठेही वाचलं नव्हतं: चढताना फार काही वाटणार नाही, उतरताना वाटेल, तेव्हा पाठ दरीकडे आणि तोंड कातळाकडे करून शिडी उतरतो तसं उतर, प्रत्येक पायरीला कडेला हात घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत त्यात बोटं घट्ट अडकव, आणि समोरून माणसं येत असतील तर पायऱ्यांच्या मधे जागा नसते, खालीच थांब. मी अक्षरशः हेच मनात म्हणत उतरले.

आणि एक प्रश्न जो मुली विचारतात आणि ज्यावर हमखास हसतात, तो म्हणजे टॉयलेटची सोय काय. पाळी चालू असताना ट्रेक करणाऱ्या मुलीला हे माहीत असावंच लागतं आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. पायथ्याच्या गावात जिथे जेवण सांगतो त्या घरी सोय असते, विचारलं की वापरू देतात, वर काही नाही, वापरलेलं पॅड बंद पिशवीत घालून खाली आणायचं. एवढं सरळ उत्तर हवं असतं.

माहुली
सई, हे तू लिहिलंस ते फार बरं झालं. मला हा प्रश्न पर्सनलवर येतो, ग्रुपवर कधीच येत नाही.

पाचनईचा_भाऊ
राम राम मंडळी. माझं घर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, जेवण मुक्कामाची सोय करतो. मला दिवसाला लई फोन येतात. वर पाऊस आहे का, केदारेश्वराच्या गुहेत पाणी किती, तंबूत लाईट आहे का, कोकणकडा दिसंल का. मी कुणाला तोडून बोलत नाही. त्यावर आमचं घर चालतं हे खरं, पण दुसरी पण गोष्ट आहे. सकाळी दिलेलं उत्तर संध्याकाळी चालत नाही. आमच्या वाटंला ओढा आहे, सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, माथ्यावर दोन तास जोराचा पडला की तोच ओढा मांडीला लागतो, मग वरची माणसं वर आणि खालची खाली. एप्रिलमधी कुणी पाण्याचं विचारलं तर मी सांगतो खालूनच भरून घ्या, ऑगस्टमधी सांगतो एक बाटली बास. प्रश्न एकच, आता हे पुस्तकात कसं लिहिणार? पाषाणकाका म्हणतात तसं वाचून या, पण निघायच्या आदल्या दिवशी फोन पण करा. आणि एकदा विचारलं म्हणून लाजू नका, परत सकाळी करा.

कोकणकडा दिसंल का त्याचं उत्तर मात्र मलाबी देता येत नाही, धुकं हटलं तर दिसंल.

पाषाण
भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. पाण्याचा, ओढ्याचा, पावसाचा प्रश्न रोज विचारला तरी रास्तच आहे. माझा राग "बूट कुठले घेऊ" वर आहे. त्यावर हजार वेळा बोलून झालंय.

घाटवाटा
बुटांचं बोलायचं तर ओल्या कातळावर आजही ॲक्शन ट्रेकिंगला तोड नाही, स्वस्त आणि मस्त.

सह्यवारा
अजिबात नाही. आता तो पूर्वीचा सोल राहिलेला नाही. डिकॅथलॉनचा घ्या, घोट्याला आधार मिळतो.

घाटवाटा
घोट्याला आधार सरावाने येतो. आमच्या गावचे लोक प्लास्टिकच्या चपलेवर हरिश्चंद्रगडाची उभी नळीची वाट चढतात.

कातकरवाट
झालं, बुटांचा विषय निघाला, आता पुढची पन्नास उत्तरं सोलवरच. पाषाणकाका, बघा, हजार वेळा बोलून झालेल्या विषयावर अजून जुन्या लोकांचं एकमत नाही, मग नवख्याने नुसतं वाचून काय ठरवायचं?

पाषाण
कातकरवाट, हा टोला बरोबर बसला. पण मग नवख्याला मी एवढंच सांगेन की नवे कोरे बूट घालून थेट ट्रेकला येऊ नको, आठवडाभर घालून रोज चाल, आणि शेवाळलेल्या दगडावर कुठल्याच कंपनीचा सोल टिकत नाही हे धरून पाय टाक.

दोरखंड
मी पावसाळ्यात शोध आणि बचावाच्या कामाला जाणाऱ्यांपैकी आहे. नाव, गाव लिहीत नाही. या कामाला आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून जातो, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र असो किंवा इतर ठिकाणच्या टीम, रात्री फोन आला की वीस-पंचवीस पोरं दोर, स्ट्रेचर, बॅटऱ्या घेऊन निघतात. फोनवर पलीकडून काय ऐकू येतं ते सांगतो. धुकं आलंय, अंधार पडतोय, बॅटरी संपत आलीय, वर आलो ती वाट सापडत नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी दिसतं की त्यांना वर कसं जायचं ते माहीत होतं, उतरायचं कधी सुरू करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. रीलमध्ये माथा असतो, परतीची वाट नसते.

त्यामुळे मी कुणालाही "वाचून या" म्हणत नाही. सांधण दरी पावसात करता येते का असं मला कुणी शंभराव्यांदा विचारलं तरी मी शंभराव्यांदा सांगेन की नाही, ती घळ आहे, दोन्ही बाजूला उभे कडे, वरच्या भागात पाऊस झाला की सगळं पाणी त्यातूनच येणार आणि बाजूला चढून जायला जागा नाही, पाऊस संपून पाणी ओसरल्यावर जा. मी हे न सांगितल्यामुळे एक जण जरी गेला तरी मग मला रात्रभर त्या घळीत उतरायला लागणार आणि त्याच्या घरच्यांसमोर उभं राहायला लागणार.

अजून एक. "इर्शाळगड चालू आहे का" असं दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं आणि त्यावर लोक चिडतात, "माहीत नाही का तिथे काय झालं" म्हणून. विचारणारा कॉलेजचा पोरगा असतो हो, तो तेव्हा शाळेत होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. आपण ज्यांच्या अंगणात चहा प्यायलो ती घरं होती ती. त्या पोराला हे नीट बसून सांगा. चिडून सांगितलं तर तो फक्त पुढचा किल्ला शोधेल.

सह्यवारा
दोरखंड दादा, धन्यवाद. यात एक भर घालतो, पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, धबधबे, काही गड, काही घाटमाथे बंद असतात, आणि ते दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षीचं वाचून गेलेला माणूस थेट पोलिसांच्या चौकीवर थांबतो.

गणिताच्या_बाई
मी चाळिशीनंतर डोंगरात जायला लागले. "मला जमेल का" या प्रश्नाबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. मी जेव्हा हा विचारला तेव्हा मला कळसूबाईची उंची नको होती, १६४६ मीटर हे तर मी मुलांना शाळेत शिकवलंय. मला विचारायचं होतं की मी मागे राहिले तर कुणी थांबेल का, की सगळे पुढे जातील आणि वर पोचल्यावर माझ्याकडे बघून घड्याळ बघतील. हे सरळ विचारता येत नाही म्हणून माणूस "जमेल का" विचारतो. मला ज्या लीडर मुलाने उत्तर दिलं त्याने उलट विचारलं, काकू जिने चढताना धाप लागते का, बीपीची गोळी आहे का, गुडघा चढताना दुखतो की उतरताना, आणि मग म्हणाला, सगळ्यात मागे मीच असतो, तुम्ही माझ्या पुढे चाला. मी त्या वाक्यावर गेले. तेव्हा माझं म्हणणं एवढंच की ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर फेकू नका, आधी दोन प्रश्न विचारा म्हणजे खरा प्रश्न बाहेर येतो.

बे_एरिया_सातारकर
बाईंचं पटलं. माझा अनुभव उलटा. डिसेंबरात सुट्टीवर आलो तेव्हा आईला रायगड दाखवायचा होता, तिचे दोन्ही गुडघे गेलेले. एका ओळखीच्या जुन्या ट्रेकरला रोपवेबद्दल विचारलं तर म्हणाला, रायगड पायीच चढायचा असतो, रोपवेने जाणं म्हणजे महाराजांचा अपमान. आईने ते ऐकलं आणि नकोच म्हणाली. सहा महिन्यांनी अजूनही मनात आहे. तिला लहानपणापासून जगदीश्वराचं मंदिर आणि समाधी बघायची होती.

पाचनईचा_भाऊ
दादा, देवाला आणि महाराजांना भेटायला आईनं कसं जायचं ते आईनं ठरवायचं.

दोरखंड
सातारकर, परत याल तेव्हा नक्की न्या. रोपवे १९९६ पासून आहे, खालचं स्टेशन हिरकणीवाडीत. शनिवार-रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा, रांग खूप असते, शक्यतो मधल्या वारी सकाळी लवकर. वारा फार असेल तर बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी विचारून घ्या. वर पोचल्यावर सगळं सपाट नाही, वाड्याच्या भागात पायऱ्या आहेत, पुढे होळीचा माळ, बाजारपेठ आणि तिथून जगदीश्वराकडे बऱ्यापैकी चालणं आहे. काठी घ्या, टोपी घ्या, आईंना बाजारपेठेच्या जोत्यावर बसत बसत न्या. घाई करू नका. समाधी मंदिराला लागूनच आहे.

बे_एरिया_सातारकर
मला इतकंच हवं होतं. मनापासून आभार. आईला आत्ताच वाचून दाखवतो.

सह्यवारा
एक सुचवू का, प्रत्येक गडाची महिन्याप्रमाणे उत्तरं एकदाच नीट लिहून काढू. जून-सप्टेंबर वेगळं, दिवाळीनंतरचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. मग विचारणाऱ्याला ते द्यायचं. शिवाय आता गर्दी वाढणारच आहे, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून आमच्या सोसायटीतले आजी-आजोबासुद्धा साल्हेर कुठे आहे विचारायला लागलेत.

माहुली
लिहून काढायला हरकत नाही पण ते जुनं होतं. राजगडाची कितीतरी जुनी वर्णनं "पद्मावतीच्या देवळात मुक्काम करा" सांगतात, नंतर पुरातत्त्व खात्याने गडावर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. ते वाचून पथाऱ्या घेऊन आलेली मंडळी मी स्वतः गुंजवण्यात परत फिरताना बघितलीत. चांगली वाचून आलेली होती हो ती!

पहिलाच_गड
नमस्कार, मी इथे नवीन आहे. प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर माफ करा. पुढच्या शनिवारी राजगडला जायचं आहे, मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांचे सासरे. कुठून जावं?

घाटवाटा
गुंजवणे, चोर दरवाजा. दुसरा विचारच नको, राजगडाची खरी मजा तीच.

सह्यवारा
सासरे आहेत म्हणतायत त्या. चोर दरवाज्याच्या खालचा टप्पा पावसात? रेलिंग आहे पण कातळ निसरडा असतो.

घाटवाटा
माझे वडील सत्तरीत चढले तिथून.

कातकरवाट
भुतोंड्याकडून अळू दरवाज्याने जा, अजिबात गर्दी नाही.

सह्यवारा
नवख्या कुटुंबाला धुक्यात संजीवनी माचीच्या बाजूने पाठवताय? कमाल आहे.

पहिलाच_गड
मग मी नक्की कुठून जाऊ?

पाषाण
ताई, माफी मागू नका आणि थोडं थांबा, आधी मला सांगा. सासऱ्यांना गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का? मुलगी याआधी दोन-तीन तास सलग चाललीय का? स्वतःची गाडी आहे की एसटी?

पहिलाच_गड
सासऱ्यांना बीपी आहे, गोळी चालू, रोज टेकडीवर जातात. मुलगी सिंहगड चढली आहे. गाडी आहे, पुण्याहून निघणार.

पाषाण
मग पाली दरवाज्याने जा. वाजेघरच्या बाजूने वाट आहे, चढ आहे पण वर रुंद पायऱ्या आहेत, कातळात हात घालून चढायचं काम नाही. सकाळी सातपर्यंत पायथ्याला पोचा. वर पद्मावती माचीवर तलाव, देऊळ बघा आणि सासरे आणि मुलगी तिथेच थांबू देत, बालेकिल्ल्याचा चढ उभा आहे आणि पावसात तिथे लोक अडकून उभे राहतात. तुम्हा दोघांना जायचंच असेल तर एका वेळी एकच जा, मुलीजवळ एक जण हवा. काहीही झालं तरी दुपारी दोनला उतरायला लागा. धुकं असेल तर सुवेळा आणि संजीवनी या माच्या सोडून द्या, काही दिसणार नाही आणि कडा कुठे संपतो ते कळणार नाही. मुलीचे कोरडे कपडे गाडीत ठेवा, वर नेलेत तर तेही भिजतील. सासऱ्यांची गोळी त्यांच्याच खिशात, तुमच्या सॅकमध्ये नको.

शुक्रवारी रात्री पावसाचा अंदाज बघा, ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर रद्द करा आणि इथे सांगा, दिवाळीनंतर मी स्वतः येतो तुमच्याबरोबर.

पहिलाच_गड
काका खूप खूप आभार. सासऱ्यांनी वाचलं, म्हणाले बालेकिल्ला पण चढणार.

पाषाण
त्यांना म्हणावं तो दिवाळीनंतर, माझ्याबरोबर.

माहुली
मी आमच्या चौकशीच्या फोनजवळ कागद चिकटवतेय. कुणीही काहीही विचारलं की आधी हे विचारायचं: कोण कोण येतंय, कुठल्या तारखेला, याआधी कुठे चाललात, काही आजार-औषध आहे का, कितीला उतरायला लागणार. मग उत्तर. आणि फोन आठवड्याने फिरवायचा, एकाच माणसाकडे महिनोन्महिने राहिला की तो वैतागणारच, ग्रुपवर तशी उत्तरं देणारे तिघेही असेच वर्षानुवर्षं एकटे फोन घेऊन थकलेले आहेत, हेही मला कालपासून जाणवतंय. त्या मुलीला मी परत फोन केलाय, ऑक्टोबरच्या ट्रेकला येते म्हणाली.

पाचनईचा_भाऊ
माहुलीताई कागदावर अजून एक लिहा, खाली गावात कुणाला सांगून निघालात का. आमच्याकडं गाडी लावून लोक न सांगता वर जातात, रात्री गाडी तिथंच दिसली की आम्हाला कळत नाही ते मुक्कामी आहेत की अडकलेत.

माहुली
लिहिलं, भाऊ.